इग्वानोडॉनचा दात आणि निबंधाची पारख

शोधनिबंध छापण्याआधी त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यायचा, हा पिअर रिव्ह्यूचा रिवाज. त्याचे मूळपुरुषपद सहसा हेन्री ओल्डेनबर्गला देतात, कारण १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे नियतकालिक त्यानेच काढले. हा मान त्याला देणे पटत नाही. काय छापायचे ते ओल्डेनबर्ग स्वतःच ठरवी. १७५२ पासून ते काम समितीकडे गेले, पण ती नुसते गुप्त मतदान करी.

कारणांसह लेखी अहवालाची कल्पना लंडनला आली ती पॅरिसहून. तिथल्या विज्ञान अकादमीत आलेल्या निबंधांवर सभासद अहवाल लिहीत. तसेच रॉयल सोसायटीतही व्हावे, असे तिचा सदस्य विल्यम व्ह्यूएल याने १८३१ मध्ये सुचवले. १८०३ पासून त्या अकादमीचा कायम सचिव होता जॉर्ज क्युव्हिए, आणि इंग्लंडातल्या जीवाश्म सरीसृपांचा शेवटचा निवाडाही त्याच्याच दारी होई. म्हणूनच या रिवाजाची वंशावळ त्याच्यापाशी नेली पाहिजे.

ससेक्समधला डॉक्टर गिडियन मॅन्टेल याच्याकडे काही विचित्र जीवाश्म दात होते. विल्यम बकलंडसारख्या भूवैज्ञानिकांनी ते माशाचे किंवा सस्तन प्राण्याचे ठरवले. १८२३ मध्ये भूवैज्ञानिक चार्ल्स लायेलने एक दात पॅरिसला नेला. क्युव्हिए म्हणाला, गेंड्याचा! पण जून १८२४ मध्ये, आणखी दात पाहिल्यावर, त्याने मत फिरवले: हा कोणी शाकाहारी सरीसृप असावा. ही चूक त्याने आपल्या ग्रंथात छापूनही कबूल केली. त्या बळावर मॅन्टेलचा या सरीसृपावरचा, म्हणजे इग्वानोडॉनवरचा, निबंध १८२५ मध्ये रॉयल सोसायटीने छापला. जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगला सापडलेल्या प्लेसिओसॉर या समुद्री सरीसृपाच्या लांबलचक मानेवरही क्युव्हिएने आधी संशय घेतला आणि नंतर तो मागे घेतला. परीक्षकाने लिहून मत द्यावे आणि पुरावा बदलला की तेही बदलावे, हा धडा इंग्रज भूवैज्ञानिकांना दातांनी आणि मणक्यांनी आधीच दिला होता. स्वतः भूविज्ञानात रमणाऱ्या व्ह्यूएलपर्यंत तो पोचला नसेल, हे संभवत नाही.

१८३२ मध्ये पहिला अहवाल आला, तो मात्र जॉर्ज एअरीच्या खगोलशास्त्रीय निबंधावर. व्ह्यूएलला निबंधातले नवेपण सांगायचे होते, तर सहपरीक्षक जॉन लबकला चुका दाखवायच्या होत्या. त्याच वर्षी क्युव्हिए वारला. हे अहवाल छापायचे असे आधी ठरले होते. लवकरच ते गोपनीय झाले.

नुकसान इथे झाले. व्हिक्टोरियन काळात जीवाश्म सरीसृपांचा निवाडा शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनकडे आला. त्यानेच १८४२ मध्ये ‘डायनोसॉर’ हे नाव छापून रूढ केले. त्याच्याकडे अधिकार क्युव्हिएचा होता, पण मोकळेपणा नव्हता. १८४९ मध्ये मॅन्टेलला रॉयल पदक द्यायला त्याने विरोध केला, तरी ते मॅन्टेलला मिळाले. १८५२ मध्ये तरुण जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलीने आपला मृदुकाय प्राण्यांवरचा निबंध ओवेनच्या हाती पडू नये म्हणून खटपट केली. त्याला ठाऊक होते, तिथे गेला तर तो छापला जाणार नाही.