बांधकामस्थळावरील मृदाधूप व पर्जन्यजल-प्रदूषण नियंत्रण : अमेरिकेतील कायद्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पावसाच्या पाण्याबरोबर नदीत जाणारी माती हेही प्रदूषणच होय, ही कल्पना आज सर्वमान्य वाटत असली तरी कायद्याने ती स्वीकारण्यास बराच काळ लागला. शेतातून वाहून गेलेली माती हे शेतकऱ्याचे नुकसान मानले जाई, तर कारखान्याच्या नळातून बाहेर पडणारे सांडपाणी हे प्रदूषण मानले जाई. इमारती व रस्ते उभारण्यासाठी उघडी केलेली जमीन मात्र या दोन्ही चौकटींच्या बाहेर राहिली. ही उणीव अमेरिकेत, प्रामुख्याने मेरिलंड राज्यातील अभ्यासांच्या आधारे, कशी भरून निघाली आणि ती पूर्णपणे का भरून निघाली नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शेतकऱ्याचे नुकसान

चेसापीक उपसागराच्या परिसरातील जोप्पा हे अठराव्या शतकातील गजबजलेले बंदर होते. तंबाखूच्या लागवडीसाठी जंगले तोडली गेली आणि उघड्या पडलेल्या जमिनीतील गाळाने गनपावडर नदीचे मुख उथळ होत गेले. १७६८ मध्ये काउंटीचे मुख्य ठाणेही बाल्टिमोरला हलले आणि जोप्पाचे महत्त्व संपुष्टात आले. मातीची किंमत शेताबरोबरच खालच्या अंगाच्या गावालाही मोजावी लागते, याचे हे जुने उदाहरण होय.

तथापि, १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांनंतर शासनाने जो विचार केला तो शेतजमिनीपुरताच होता. ह्यू हॅमंड बेनेट यांच्या प्रयत्नांतून १९३५ मध्ये मृदा संवर्धन सेवा स्थापन झाली. समतल मशागत, बांधबंदिस्ती व गवताचे आच्छादन हे तिचे उपाय होते. या परंपरेतूनच विशमायर आणि स्मिथ यांचे मृदाधुपीचे सर्वसामान्य समीकरण १९६५ मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. पावसाची धूपशक्ती, मातीचा प्रकार, उताराची लांबी व तीव्रता, आच्छादन आणि संवर्धनाचे उपाय हे त्यातील घटक होत. त्यातील आच्छादनाचा घटक नांगरलेल्या पडीक जमिनीसाठी १ धरला जातो. बांधकामासाठी झाडोरा व वरचा थर काढलेली जमीन जवळजवळ याच अवस्थेत असते. शिवाय यंत्रांच्या वजनाने ती दबल्यामुळे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते.

२. मोजमापाचे महत्त्व

दुसऱ्या महायुद्धानंतर वॉशिंग्टन व बाल्टिमोर यांभोवती उपनगरे वेगाने वाढली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एम. गॉर्डन वोल्मन यांनी १९६७ मध्ये या प्रदेशातील गाळाचे चक्र मांडले. जंगलव्याप्त क्षेत्रातून दर चौरस मैलामागे वर्षाला १०० टनांहून कमी गाळ येतो. शेतीच्या क्षेत्रातून सुमारे ३०० ते ८०० टन येतो, तर बांधकाम चालू असलेल्या लहान क्षेत्रांतून हे प्रमाण १,००,००० टनांच्याही पुढे जाऊ शकते. रस्ते, छपरे व हिरवळ तयार झाल्यावर ते पुन्हा खाली येते. म्हणजेच एका अल्पकालीन अवस्थेत नदीवर असाधारण भार पडतो. बांधकाम तात्पुरते असते, म्हणून त्याची हानीही दुर्लक्ष करण्याजोगी असते, हा समज या आकड्यांनी खोडून काढला. १९७० मध्ये मेरिलंडने राज्यव्यापी गाळ-नियंत्रण कायदा केला.

३. न्यायालयांची भूमिका

१९७२ च्या राष्ट्रीय जलप्रदूषण कायद्याने नळ, चर, नाली अशा निश्चित ठिकाणांहून होणाऱ्या विसर्गासाठी परवाना आवश्यक केला. परंतु अशा वाटांची संख्या प्रचंड असल्याच्या कारणावरून पर्यावरण संरक्षण एजन्सीने पावसाच्या पाण्याच्या बहुतेक विसर्गांना सूट दिली. अशी सरसकट सूट देण्याचा अधिकार एजन्सीला नाही, असा निर्णय १९७७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने दिला. संसदेने १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि त्यानुसार १९९० मध्ये ५ एकर वा त्याहून मोठी बांधकामस्थळे परवान्याच्या कक्षेत आली.

ही ५ एकरांची मर्यादाही वादग्रस्त ठरली. एजन्सीने आधी १ एकराचा प्रस्ताव मांडला होता. पुरेशी आधारसामग्री नसताना ती मर्यादा वाढविली, म्हणून १९९२ मध्ये न्यायालयाने ही सवलत अमान्य केली. अखेर १९९९ च्या नियमांनी १ ते ५ एकरांची स्थळेही परवान्याच्या कक्षेत आणली व २००३ पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली.

४. अंकाचा प्रश्न

परवान्यातील अटी मुख्यतः उपाययोजनांच्या स्वरूपाच्या होत्या. काम टप्प्याटप्प्याने करणे, उतारावर गवत वा पेंढा पसरणे, गाळ अडविणारे कापडी कुंपण व गाळ बसण्याची तळी ही त्यांची उदाहरणे होत. मात्र या उपायांना नैसर्गिक मर्यादा आहे. वाळूचे कण तळ्यात लवकर खाली बसतात, तर चिकणमातीचे सूक्ष्म कण दीर्घकाळ तरंगत राहतात व कुंपणातूनही पार होतात. सर्व उपाय कागदोपत्री पूर्ण असूनही नाल्याचे पाणी गढूळ असू शकते.

म्हणून २००९ मध्ये एजन्सीने मोठ्या स्थळांसाठी गढूळपणाची २८० एककांची दैनिक सरासरी मर्यादा घातली. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांनी तिला आव्हान दिले. गणनेतील आधारसामग्रीच्या वापरात चूक झाल्याचे एजन्सीनेही मान्य केले. मर्यादेला स्थगिती मिळाली आणि २०१४ मध्ये ती मागे घेण्यात आली. २०२२ च्या सर्वसाधारण परवान्यात संवेदनशील जलप्रवाहांत खोदकामातील पाणी उपसून सोडताना गढूळपणा मोजण्याची अट आली. तेथील ५० एककांचा अंक हा निर्देशक आहे. तो ओलांडणे हे स्वयमेव उल्लंघन ठरत नाही, मात्र सुधारणा करणे बंधनकारक होते.

निष्कर्ष

या इतिहासात आधारसामग्रीची भूमिका दुहेरी दिसते. वोल्मन यांच्या मोजमापाने बांधकामाची जबाबदारी स्पष्ट केली. १९९२ मध्ये आधारसामग्रीच्या अभावी सवलत टिकली नाही आणि २००९ नंतर तिच्यातीलच दोषामुळे कठोर मर्यादा टिकली नाही. दोन्ही प्रसंगी कायद्याचा हेतू वादाचा नव्हता, त्यामागील मोजणी वादाची ठरली. उपाय केले की नाही हे तपासणे सोपे असते, तर नदीत प्रत्यक्ष काय पोहोचले हे मोजणे कठीण असते. कायदा अजून मुख्यतः पहिल्या प्रश्नापाशी थांबलेला आहे. खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र दुसरा प्रश्नच महत्त्वाचा आहे.