उभ्या गाडीची उपासमार

गिरगावातल्या खोताच्या वाडीत मोटार शिरत नाही. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना घरं बांधायला दिली, तेव्हा गल्लीची रुंदी ठरली ती चालणाऱ्या माणसाच्या हिशेबाने. लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने आणि घराघरांमधून वळत जाणारा बोळ. स्कूटर कशीबशी जाते, चारचाकीचं नावच नको. त्यामुळे वाडीकरांची गाडी उभी राहणार बाहेर, जगन्नाथ शंकरशेट मार्गावर किंवा आसपास जागा मिळेल तिथे. घरातला प्लग आणि गाडीचं बॉनेट यांच्यामध्ये दोन वळणं, एक फुटपाथ आणि सगळी रहदारी. गिरगावातली अशी गाडी गणपतीला कोकणात जाते, मे महिन्यात एकदा घाटावर जाते आणि एरवी कव्हर पांघरून धूळ खात पडते. मग ऐन निघायच्या दिवशी किल्ली फिरवली की ‘टक्’ एवढाच आवाज येतो. बॅटरी उतरलेली.

प्लग हाताशी असला की हे दुखणं संपतं, असं कुणालाही वाटेल. तर तसंही नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि चाकांवरच्या घरांना उभं राहायला वीज-पाण्याची सोय असलेले तळ हवेत, हे सरकारदरबारी मान्य झालं. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला चाकांवरची खोली त्याच्या आधीपासून ठाऊक होती. व्हॅनिटी व्हॅन इथे रुजवण्याचं श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लाँ यांना दिलं जातं. कॅराव्हॅन आठवडाभर तळावर उभी असते. बाहेरच्या विजेची केबल जोडलेली असते. आत दिवे लागतात, फ्रीज चालतो, पंखा फिरतो. आठव्या दिवशी चालक बसतो, किल्ली फिरवतो आणि पुन्हा तोच ‘टक्’. घरात वीज खेळते आहे आणि इंजिनाची बॅटरी मात्र उपाशी. या विसंगतीचं मूळ शोधायचं तर दीडशे वर्षांहून मागे जावं लागतं.

१८०० साली इटलीच्या वोल्टाने बॅटरी बनवली, पण ती एकदा संपली की संपली. पुन्हा भरता येईल अशी शिसं-आम्लाची बॅटरी केली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८५९ साली. शिशाचे दोन पत्रे, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये आडपदर, दोन्हींची एकत्र गुंडाळी आणि ती सौम्य गंधकाम्लात बुडवलेली. कल्पना अस्सल होती, पण भरायचं कशाने? कामाचं जनित्र अजून बाजारात नव्हतं. प्लाँते आपली बॅटरी दुसऱ्या, न भरता येणाऱ्या बॅटऱ्यांवर भरत असे, आणि पत्रे कामाजोगे मुरायला हे भरणं-रिकामं करणं महिनोन्‌महिने चालायचं. १८८१ साली कामिय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लेप पत्र्यांवर थापला, तेव्हा कुठे बॅटरी कारखान्यात बनवण्याजोगी झाली. थोडक्यात, या बॅटरीचं पोट पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या हातात आहे.

तिचा स्वभावही तेव्हाच ठरला. वीज देताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचं सल्फेट साचतं, भरताना ते पुन्हा विरघळतं. लगेच भरली तर सल्फेट बारीक असतं आणि मुकाट परत जातं. तशीच रिकामी ठेवली तर त्याचे जाड खडे होतात आणि ते मग निघता निघत नाहीत. पत्र्याचा तेवढा भाग कायमचा वाया. शिवाय काही जोडलेलं नसलं तरी ती आतल्या आत थोडी थोडी उतरत राहते, आणि हवा जितकी गरम तितकी ती लवकर उतरते. मुंबईचा मे महिना म्हणूनच तिला सोसत नाही.

रस्त्यावर आलेल्या पहिल्या मोटारींपैकी बऱ्याच विजेवरच्या होत्या आणि त्या रात्री भिंतीला जोडून ठेवायच्या असा शिरस्ता होता. अडचण एकच. शहरांतली वीज हळूहळू उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी होत होती आणि बॅटरीला हवी एकाच दिशेने जाणारी डीसी. १९०२ साली पीटर कूपर ह्युइटने पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर काढला. काचेच्या मोठ्या फुग्यात निळसर ठिणगी नाचायची आणि एसीची डीसी व्हायची. जनरल इलेक्ट्रिकने ही यंत्रं इलेक्ट्रिक मोटारी घरच्या घरी भरण्यासाठी विकली. उभ्या गाडीला भिंतीतून वीज देणाऱ्या चार्जरचे हे मूळपुरुष.

रेल्वेने वेगळी वाट धरली. लंडनमधल्या डेप्टफर्ड इथल्या जे. स्टोन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात डब्याखाली डायनामो लटकवला आणि तो पट्ट्याने चाकाच्या आसाला जोडला. गाडी पळाली की बॅटरी भरते, स्टेशनात थांबली की त्याच बॅटरीवर डब्यातले दिवे जळतात. भारतातल्या डब्यांमध्येही हीच व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली. पण रेल्वेवाल्यांना एक गोष्ट लवकर कळली, की यार्डात पडून राहिलेला डबा स्वतःला भरू शकत नाही. म्हणून डब्याच्या बाहेरच्या अंगाला बॅटरी चार्जिंगची टर्मिनलं बसवलेली असतात आणि धुलाई-तपासणीच्या रुळांशेजारी विजेचे पॉइंट असतात. डबा उभा राहिला की केबल जोडायची, निघायच्या आधी काढायची. आज कॅराव्हॅनवाला तळावर जे करतो, ते रेल्वेच्या यार्डात नित्याचं काम आहे.

मोटारीला मात्र या शहाणपणाची गरज वाटली नाही, याचं कारण चार्ल्स केटरिंग. ओहायोतल्या डेटन गावी त्याने १९११ साली विजेवरचा सेल्फ स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला. हँडल मारून मनगटं मोडून घेण्याचे दिवस संपले. पेट्रोलची गाडी कुणालाही सहज सुरू करता येऊ लागली आणि विजेच्या मोटारीची सद्दी ओसरली. जिच्या पोटावर विजेची मोटार जगायची, ती बॅटरी आता पेट्रोलच्या गाडीत चाकरीला लागली. तिचं काम तीन-चार सेकंदांचं. इंजिन फिरलं की डायनामो तिला पुन्हा भरणार. खाणं धावण्यावर, असा करार झाला.

या कराराचा एक कारकून होता, कटआउट. इंजिन थांबल्यावर बॅटरीची वीज उलटी डायनामोत जाऊ नये म्हणून दोन्हींची जोडणी आपोआप तोडणारा छोटा रिले. मुंबईच्या रस्त्यांवर ज्या फियाट आणि अँबॅसेडर पन्नास वर्षं फिरल्या, त्यांच्या जुन्या मिस्त्रींना कटआउटचे पॉइंट घासणं पाठ होतं. डायनामो गाडी सावकाश चालत असताना फारसं काही देत नसे. १९६० साली क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत डायनामोच्या जागी अल्टरनेटर दिला आणि ती अडचण बरीच कमी झाली. पण मूळ कलम कायम राहिलं: थांबलात की जोडणी तुटली.

चाकांवरच्या घरात दोन बॅटऱ्या आल्या त्या याच कलमापोटी. एक इंजिन फिरवायची, दुसरी घर चालवायची. रात्रभर पंखा आणि दिवे चालवून सकाळी इंजिनच सुरू झालं नाही तर रानात अडकायला होईल, म्हणून दोघींच्या मध्ये रिले. इंजिन चालू असताना तो दोघींना जोडतो, बंद झालं की तोडतो. हा कटआउटचाच वंशज. त्याने इंजिनाच्या बॅटरीला घराच्या खर्चापासून वाचवलं, पण त्याच झटक्यात तिला घराच्या विजेपासूनही तोडलं. तळावरची केबल जोडली की आतला चार्जर भरतो ती घराची बॅटरी. इंजिनाची शेजारीच असते, पण दार बंद. आणि तिच्यावर घड्याळ, अलार्म, रिमोटने उघडणारं लॉक, इंजिनाचा संगणक अशी बिऱ्हाडं चोवीस तास बसलेली.

ती किती खातात याचा हिशेब साधा आहे. बंद गाडी ३० मिलिअँपिअर ओढते असं धरा. आजच्या गाडीला ते जास्त नाही. दिवसाला होतात ०.७२ अँपिअर-तास. महिन्याला साडेएकवीस. छोट्या गाडीची बॅटरी ४० ते ४५ अँपिअर-तासांची. म्हणजे एका महिन्यात निम्मी बॅटरी नुसत्या उभं राहण्यात गेली. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि गाड्या दोन-दोन महिने जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा हे गणित घरोघरी कळलं. काहींनी वॉचमनला किल्ली देऊन ‘रोज पाच मिनिटं चालू कर’ असं सांगितलं. स्टार्टरने घेतलेलं पाच मिनिटांत भरून निघतं, पण आठवड्याची पाच अँपिअर-तासांची गळती भरायला जागच्या जागी चालणाऱ्या इंजिनाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. पेट्रोल जातं, धूर होतो, बॅटरी पुरती भरतच नाही.

मग सरळ चार्जर लावून सोडून द्यावा, तर तेही धोक्याचं. १९१६ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकचा ‘टंगार’ हा दिव्याच्या बल्बसारखा दिसणारा रेक्टिफायर आला आणि बॅटरी भरणं गॅरेजच्या आणि घराच्या आवाक्यात आलं. पण असला साधा चार्जर बॅटरी भरली तरी वीज ढकलतच राहतो. मग आतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जातं, पत्रे उघडे पडतात. उपास काय आणि अजीर्ण काय, दोन्ही बाधतात. किती द्यायचं याचं उत्तर होतं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तिथल्या बॅटऱ्या वर्षानुवर्षं जागेवरच उभ्या आणि वीज गेली तरी फोन बंद पडता कामा नये. म्हणून त्यांना भरल्यावरही तोडत नाहीत. एका सेलला सव्वादोन व्होल्टच्या आसपास दाब कायम ठेवतात. महादेवाच्या पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखं हे काम, थेंब थेंब पण अखंड. गळतीइतकंच आत जातं, जास्त नाही. मोटारीच्या सहा सेलच्या बॅटरीला हा हिशेब साडेतेरा व्होल्टचा पडतो. सिलिकॉनचे डायोड आणि मग चिप स्वस्त झाल्यावर घरगुती चार्जरही हे शिकला: आधी १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन पोटभर द्यायचं आणि नंतर साडेतेरावर उतरून राखण करायची.

कॅराव्हॅनमध्ये आता हाच थेंब बंद दारापलीकडे पोचवतात. एक उपाय म्हणजे दोन्ही बाजूंनी व्होल्टेज पाहणारा रिले. घराची बॅटरी भरताना दाब १३.३ च्या वर गेला की तो दोघींना जोडतो, १२.८ च्या खाली आला की तोडतो. दुसरा, घराच्या बॅटरीतून चारदोन अँपिअर पलीकडे सोडणारी छोटी डबी. घराची बॅटरी लिथियमची असेल तर पहिला उपाय फसतो, कारण ती स्वस्थ असतानाही १३.२-१३.३ व्होल्ट दाखवते आणि रिलेला ती भरते आहे की नुसती बसली आहे हे उमगत नाही. तिथे डीसीवरून डीसी करणारा वेगळा चार्जर लागतो.

गिरगावच्या रस्त्यावर उभ्या गाडीला हे काहीच लागू नाही. तिथे बॅटरीनेच प्लगकडे जायचं. दहाचा पाना घ्यायचा. आधी काळी, ऋण वायर सोडवायची. उलट केलं आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते. मग लाल. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी साचलेली असली तर खाण्याच्या सोड्याचं गरम पाणी टाकायचं. फेस येऊन ती निघून जाते. दहा-बारा किलोंचं ते ओझं आडवं न करता बोळातून घरी न्यायचं आणि प्लास्टिकच्या परातीत ठेवायचं. भरताना हायड्रोजन सुटतो, म्हणून बंद खोलीत नाही, उघड्यावर; वाडीतला व्हरांडा इथे कामी येतो. परत बसवताना आधी लाल, मग काळी, आणि टर्मिनलला बोटभर व्हॅसलिन. महिना-दीड महिना गाडी हलणार नसेल तर नुसती काळी वायर काढून ठेवली तरी तीस मिलिअँपिअरची बिऱ्हाडं उठतात. घड्याळ नंतर लावावं लागतं, इतकंच.

आता या कुळकथेला एक नवं पान जोडलं गेलं आहे. बेस्टच्या इलेक्ट्रिक बस, २०२३ पासून दक्षिण मुंबईत फिरणाऱ्या दुमजली बससुद्धा, डेपोत भिंतीला जोडून भरल्या जातात. शंभर वर्षांपूर्वीचा शिरस्ता परत आला. पण विजेच्या मोटारीतही, शेकडो व्होल्टच्या मोठ्या बॅटरीसोबत, बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असतेच. दारं, संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच तिच्यावर चालतात. ती बसली तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. ज्या मोटारीला केटरिंगच्या स्टार्टरने बाजारातून उठवलं, तिच्याच पोटात त्याची ती धाकटी बॅटरी आज मुक्कामाला आहे, आणि तिला मोठीतून अधूनमधून थेंब देत राहण्याची सोय निर्मात्यांना करावी लागते.

रस्त्यावर उभ्या गाडीला प्लग कुठून आणायचा, हा प्रश्न इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मनात आणणाऱ्या प्रत्येक गिरगावकराला पडतो. पेट्रोलच्या गाडीवाल्यांना तो केव्हाचा पडलेला आहे. त्यांची मागणी तर फक्त दोन-चार वॅटची होती.