वाट, मार्ग आणि वहिवाट

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जावयाचे, एवढाच रस्त्याचा हेतू असता तर त्यास एक नाव पुरले असते. परंतु वाट, मार्ग, पथ, रस्ता, सडक, पाणंद, पाखाडी, आळी, बोळ अशी नावांची मोठी संपत्ती आपल्या भाषेने जमविली आहे, आणि त्यांतील एकही शब्द दुसऱ्याच्या जागी निमूटपणे बसत नाही. भक्तिमार्ग म्हणता येते, भक्तिरस्ता म्हणता येत नाही. आपण आप्तांची वाट पाहतो, रस्ता पाहत नाही. कोकणीतही 'वाट पळोवप' असेच म्हणतात. हा भेद केवळ शब्दसौंदर्याचा नव्हे. वाट कोणी पाडली, तिच्यावरून कोण चालले आणि तिच्यावर हक्क कोणाचा, याची नोंद या शब्दांत राहून गेलेली आहे.

'वाट' हा शब्द संस्कृत 'वर्त्मन्'पासून आला. त्याच्या मुळाशी 'वृत्' म्हणजे वळणे, फिरणे हा धातू आहे; चाक फिरून जमिनीवर उमटलेली चाकोरी ते वर्त्म. 'मार्ग' या शब्दाचा संबंध कोशकार 'मृग' शब्दाशी लावतात. श्वापदाचा माग हा त्याचा एक जुना अर्थ होय. एक शब्द चाकामागून आला, दुसरा पावलामागून. दोहोंतही आधी चालणे आणि मग वाट, हाच क्रम आहे. पुढे शास्त्रकारांनी मार्गास ज्ञान, कर्म आणि भक्ती यांच्या पंक्तीस नेऊन बसविले. वाट मात्र घरादारात, शेताशिवारात राहिली.

'पथ' या शब्दाचे भाग्य निराळेच. दक्षिणेकडे जाणारा तो दक्षिणापथ. पण पुढे त्या मार्गाने जेथे पोहोचावयाचे, त्या देशासच ते नाव पडले. नाणेघाटातील सातवाहनांच्या शिलालेखात 'दक्षिणापथपती' हे बिरुद आढळते. तो लेख कोरला गेला तोही एका घाटवाटेवरच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर रस्त्यांची रुंदी ठरवून दिलेली आहे. माणसे व लहान जनावरे यांच्या पथास दोन अरत्नी, मोठ्या जनावरांच्या पथास चार, रथपथास पाच. राजमार्गास आठ दंड, आणि एक दंड म्हणजे चार अरत्नी. विशेष हे की, गावाकडे आणि स्मशानाकडे जाणाऱ्या पथांसही तेच आठ दंड दिलेले आहेत. पथ अडविणारास दंडही सांगितला आहे, आणि पथाच्या योग्यतेप्रमाणे तो वाढत जातो.

सह्याद्रीने या शब्दसंग्रहात 'घाट' आणला. नदीच्या पायऱ्या आणि डोंगराची उतरण या दोहोंस आपण घाट म्हणतो, कारण दोन्ही ठिकाणी पाऊल जपूनच टाकावे लागते. चोर्ला, अनमोड, रामघाट या वाटांनी गोमंतक आणि तळकोकण बेळगावच्या पठाराशी जोडले गेले. लमाणांचे बैल मिठाच्या गोणी घेऊन असेच घाट चढत. कोकणात देवळाकडे चढणारी दगडी पायऱ्यांची ती पाखाडी. दोन शेतांच्या कुंपणांमधून जाणारी ती पाणंद. आणि लपविण्यासाठी म्हणून राखलेली ती चोरवाट. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गडाचा मार्ग सुगम असू नये, मात्र अडचणीच्या वेळेसाठी चोरवाटा असाव्यात, असे सांगून ठेविले आहे.

'रस्ता' फारसीतून आला, 'सडक' हिंदीतून. वाट पडते, सडक बांधावी लागते. १८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर या नगरांतून आग्र्यास जाणारा तो आग्रा रोड. गोंदिया जिल्ह्यातील 'सडक अर्जुनी' या गावाने तर सडक आपल्या नावातच गुंफली आहे. शहरात घरांची ओळ ती आळी, अरुंद असेल तो बोळ. बेळगावात गणपत गल्ली, तर वडोदऱ्यात 'पोळ'. हा पोळ शब्द 'प्रतोली' म्हणजे वेस, दरवाजा यापासून निघालेला आहे.

या सर्वांत मला अर्थपूर्ण वाटतो तो 'वहिवाट' हा शब्द. वाहती असलेली वाट ती वहिवाट. त्यावरून चालत आलेला उपभोग, प्रघात आणि शेवटी व्यवस्था, असा त्याचा अर्थविस्तार झाला. म्हणूनच देवस्थानाचा कारभार पाहणारा तो 'वहिवाटदार'. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानेही हेच तत्त्व मानले: वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड वापरलेल्या वाटेवर चालणाराचा हक्क जडतो.

परंतु येथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो. चालण्याने हक्क येतो, तर ज्यांना चालूच दिले नाही त्यांचा हक्क कोठून यावा? त्रावणकोर संस्थानात वैकोम येथे ३० मार्च १९२४ रोजी जो सत्याग्रह सुरू झाला, तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून चालता यावे, एवढ्यासाठीच होता. १९२५ च्या अखेरीस तीन बाजूंचे रस्ते खुले झाले. मंदिरप्रवेशाची घोषणा तेथे १२ नोव्हेंबर १९३६ रोजी झाली. आपल्याकडे नाशिकास काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह आरंभला. दोन्ही ठिकाणी विरोधाचा मुख्य आधार 'पूर्वापार वहिवाट' हाच होता. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख करून हा आधार काढून घेतला.

तात्पर्य, वहिवाट ही पूज्य खरी, पण ती वाहती असेल तोवरच. पाणंद नांगरून शेतात घेतली, पाखाडीवर भिंत उठली, म्हणजे प्रथम वाट जाते, मग तिचे नाव जाते, आणि नाव गेल्यावर हक्क सांगावयास कोणी उरत नाही. यास्तव प्रत्येक देवस्थानाने पालखीचा मार्ग, तळीकडील पाखाडी, शिवेवरची पाणंद यांची नावे व ठिकाणे वृद्धांस विचारून दप्तरात लिहून ठेवावीत. आणि त्या नोंदीत ही वाट सर्वांची आहे, हेही स्पष्ट लिहावे.