तारेच्या टोकाचा इक्वलायझर

स्टुडिओसाठी इक्वलायझर घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिली चौकशी करतो ती त्याच्या 'कलर'ची, म्हणजे तो आवाजाला कसा रंग देतो याची. या यंत्राच्या पूर्वजांना रंग अजिबात नको होता. आवाज आला तसा पुढे पोचवायचा, एवढंच त्यांचं काम. हे कूळ टेलिफोन खात्यातलं आहे, आणि लांबच लांब तारांचं दुखणं ऑस्ट्रेलियाइतकं फार थोड्या देशांच्या वाट्याला आलं.

अ‍ॅडलेड ते पर्थ ही टेलिफोनची तार १९३० साली सुरू झाली. मधे नलरबॉरचं ओसाड पठार, आणि लांबी अडीच हजार किलोमीटरच्या वर. १ जुलै १९३२ रोजी ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कमिशनने आपलं प्रसारण सुरू केलं, तेव्हा देशभरच्या केंद्रांना जोडलं होतं ते पोस्टमास्टर-जनरल खात्याच्या तारांनीच. १९३६ मध्ये बास सामुद्रधुनीखालून केबल गेली आणि टास्मानियाही या जाळ्यात आलं.

पण तांब्याच्या तारांची जोडी सगळ्या सुरांना सारखं वागवत नाही. दोन तारा शेजारी शेजारी धावतात तेव्हा त्यांच्यात विद्युतभार साठतो, आणि वरच्या पट्टीतला आवाज वाटेतच झिरपून जातो. तार जितकी लांब तितकी ही गळती मोठी. बोलण्यातला 'स' आणि व्हायोलिनची धार आधी जाते. घुमारा तेवढा मागे उरतो.

यावर इंजिनिअरांनी काढलेला तोडगा मला आजही फार आवडतो. गेलेलं परत आणता येत नाही, तर उरलेलं त्याच्या पातळीला आणायचं. तारेच्या शेवटी कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टरचं जाळं बसवायचं, खालच्या सुरांना मुद्दाम तितकंच कापायचं आणि मग सगळा आवाज अ‍ॅम्प्लिफायरने वर उचलायचा. जुळवणीची पद्धतही सरळ होती. एका टोकाने ठरावीक कंपनसंख्येचे सूर एकामागून एक पाठवायचे, दुसऱ्या टोकाला मीटर वाचायचा आणि सगळे आकडे सारखे येईपर्यंत जाळं बदलत राहायचं. तिथे कानाचं मत कोणी विचारत नव्हतं.

कानाचा अंमल सुरू झाला तो अमेरिकेत, आधी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात आणि मग संगीताच्या स्टुडिओत. जीन शेंक आणि ऑली समरलँड या दोघांच्या पल्स टेक्निक्स कंपनीने १९५१ च्या सुमारास जो पल्टेक इक्वलायझर बाजारात आणला, त्याच्या पोटात टेलिफोनचंच रक्त आहे: आधी निष्क्रिय जाळ्यातून आवाज घटवायचा, मग व्हॅक्यूम ट्यूबच्या अ‍ॅम्प्लिफायरने ती घट भरून काढायची. फक्त बटणं आता गाणं ऐकणाऱ्याच्या हाती आली. खालच्या सुरांसाठी त्यावर वाढवण्याचं एक आणि घटवण्याचं एक अशी दोन वेगळी बटणं आहेत. दोन्ही एकदम फिरवली तर हिशोब शून्य व्हायला हवा, पण दोन्ही वक्र एकमेकांवर नेमके बसत नाहीत. आमटीत चिंच घातली म्हणून गूळ फुकट जात नाही, तसं काहीसं होतं: ड्रमचा ठोका खाली भरदार होतो आणि त्याच्या जरा वर, जिथे आवाज गढूळ होतो, तिथे मोकळी जागा पडते. या एका करामतीवर कित्येक इंजिनिअरांचा संसार चालला. १९७२ मध्ये जॉर्ज मॅसनबर्गने पॅरामेट्रिक इक्वलायझरवरचा निबंध सादर केला आणि कुठे, किती व किती रुंद, हे तिन्ही निर्णय हातात आले.

ऑस्ट्रेलियात मात्र मोजून सरळ करणारी जुनी शाखा पुन्हा फुटली. १९७५ मध्ये सिडनीत किम रायरी आणि पीटर व्होगेल यांनी फेअरलाइट ही कंपनी काढली. नाव घेतलं बंदरातून ये-जा करणाऱ्या एका हायड्रोफॉइल बोटीचं. १९७९ च्या त्यांच्या संगणकी वाद्याने खरे आवाज अंकांत साठवून ते पट्ट्यांवर वाजवायची सोय केली. त्याची कीर्ती जगभर झाली. त्यामानाने रायरीचं नंतरचं काम कमी लोकांना ठाऊक आहे: डीईक्यूएक्स, म्हणजे स्पीकरचे दोष मोजून ते अंकगणिताने काढून टाकणारी पेटी. अशा दुरुस्तीत उपयोगी पडणारे लांबलचक फिल्टर सिडनीच्याच लेक टेक्नॉलॉजीने जवळजवळ विलंबाशिवाय चालवण्याचं गणित बसवलं. ती कंपनी पुढे डॉल्बीने घेतली. डीईक्यूएक्सची रीत पाहिली की नलरबॉरची तार आठवते. स्पीकरमधून सूर सोडायचा, समोरच्या मायक्रोफोनने तो मोजायचा, फरक काढायचा आणि उलटा करून लावायचा.

म्हणून या दोन शाखांना एकच फूटपट्टी लावू नये. पल्टेकच्या वंशातलं यंत्र जोखायचं असेल तर आधी आवाजाची पातळी जुळवावी. नुसता एक डेसिबल जास्त मिळाला तरी कान खूश होतो आणि खिसा उघडतो. बटणं शून्यावर ठेवून बायपासशी तुलना करावी. तिथेच फरक ऐकू आला तर तो ट्यूबचा आणि ट्रान्सफॉर्मरचा. मास्टरिंगसाठी डाव्या-उजव्या बाजू जुळतात का आणि बटणं टप्प्याटप्प्याने फिरतात का, हेही बघावं, कारण तीच जुळणी पुढच्या महिन्यात पुन्हा लावावी लागते.

मोजून सरळ करणाऱ्या पेटीची कसोटी निराळी. तिच्या पडद्यावरची सपाट रेघ ही मायक्रोफोन होता त्या एका जागेपुरतीच असते. भिंतीवरून परतलेला आवाज समोरून आलेल्याला जिथे मारतो, तिथला खड्डा कितीही वाढवलं तरी भरत नाही. भर घातली तेवढा परतलेला आवाजही वाढतो आणि अ‍ॅम्प्लिफायर उगाच तापतो. तेव्हा मायक्रोफोन चार ठिकाणी हलवून मोजावं आणि खड्डा जागा बदलत असेल तर इक्वलायझर सोडून स्पीकर सरकवावा.