बोएन, जॉर्ज
बोएन, जॉर्ज : (३० एप्रिल १८१६–५ फेब्रुवारी १८८८). मुंबईत चाळीस वर्षे कार्य केलेला अमेरिकन मिशनरी, मेथडिस्ट धर्मोपदेशक व पत्रकार. जन्म व्हरमाँट राज्यातील मिडलबरी येथे. तारुण्यात त्याने काही काळ वडिलांच्या व्यापारात काम केले. तथापि त्याचा ओढा साहित्य, संगीत व भाषा यांकडे होता. या काळात तो नास्तिक होता. ज्या तरुणीवर त्याचे प्रेम होते, तिचे १८४४ मध्ये निधन झाले. तिने त्याच्यासाठी मागे ठेवलेल्या बायबलच्या वाचनातून तो श्रद्धेकडे वळला. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिक्षण घेऊन तो जानेवारी १८४८ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईस आला.

मराठी शिकून तो रस्त्यांवर व बाजारांत प्रवचने देऊ लागला. पगारी उपदेशकाच्या राहणीमुळे त्याच्यात व श्रोत्यांत अंतर पडते, असे त्याचे मत झाले. म्हणून १८४९ मध्ये त्याने मिशनचे वेतन सोडले आणि देशी वस्तीत लहानशा जागेत राहून शिकवणीच्या अल्प उत्पन्नावर निर्वाह चालविला. इतर मिशनऱ्यांनी त्याचे सरसकट अनुकरण केले नाही. १८५४ पासून अखेरपर्यंत त्याने बॉम्बे गार्डियन या साप्ताहिकाचे संपादन केले. डेली मेडिटेशन्स व लव्ह रिव्हील्ड हे त्याचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत.

विल्यम टेलर हा अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक १८७१ मध्ये मुंबईस आला. परदेशी निधीवर न विसंबता स्थानिक मंडळीने आपला खर्च स्वतः भागवावा, हे टेलरचे तत्त्व बोएनच्या आचरणाशी जुळणारे होते. त्यामुळे तो मेथडिस्ट पंथात आला व १८७५ मध्ये टेलर भारतातून गेल्यावरही त्या कार्याचा एक प्रमुख आधार राहिला.

धर्मांतरितांच्या संख्येने मोजल्यास बोएनचे यश नगण्य ठरते. त्यागाने अंतर मिटेल ही त्याची अपेक्षाही पुरती फळास आली नाही. साधेपणाबद्दल लोकांनी आदर बाळगला, पण त्याचा धर्म स्वीकारला नाही. तरीही तो निराश होऊन परतला नाही. १८४८ नंतर त्याने मायदेश पुन्हा पाहिला नाही. मिशनरी वर्तुळात तो ‘मुंबईचा श्वेत संत’ म्हणून ओळखला जाई. परकीय सत्तेच्या छायेत वावरणाऱ्या उपदेशकाने कोणत्या राहणीने लोकांसमोर जावे, हा त्याने आचरणातून मांडलेला प्रश्न त्याच्या कार्याचे खरे महत्त्व दर्शवितो. मुंबईतच त्याचे निधन झाले. अपोलो बंदर परिसरातील बोएन मेमोरियल मेथडिस्ट चर्च हे त्याचे स्मारक होय.