तळटीप : उत्परिवर्तित दुबराज
‘दुबराज’ हा छत्तीसगडचा सुवासिक भात उंच वाढून वाऱ्यापावसात लोळतो; म्हणून रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने बियांवर गॅमा किरण सोडून ‘ट्रॉम्बे छत्तीसगड दुबराज म्युटंट-१’ हा बुटका वाण निवडला. हे किरण डीएनएचे दोन्ही धागे तोडू शकतात; त्यामुळे गुणसूत्र मोडते व तुटलेली टोके कधी चुकीची जोडली जातात. पेशीविभाजनात गुणसूत्र जेथून ओढले जाते त्या गुणसूत्रबिंदूला मुकलेला तुकडा मग मागे राहून हरवतो, तर दोन बिंदू असलेले जोडगुणसूत्र मूलाग्राच्या पेशीत सूक्ष्मदर्शकाखाली पुलासारखे ताणलेले दिसते. इथाइल मिथेन सल्फोनेटासारखा रासायनिक उत्परिवर्तक मात्र बहुधा गुणसूत्र न मोडता ग्वानिनचे रूप पालटतो व पुढील प्रतीत त्यासमोर सायटोसिनऐवजी थायमिन बसते. सुगंध राखून उंची तेवढी घटवणे हेच खरे कसब, कारण घाव कोठे बसेल हे आधी ठरवता येत नाही.