रात्रीची लघवी आणि आहार

लघवीसाठी रात्री झोपेतून वारंवार उठावे लागणे. साठीनंतर ही तक्रार फार आढळते. पुरुषांत तिचे खापर सरसकट प्रोस्टेटवर फुटते, ताटाकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. ताटातला मुख्य दोषी म्हणजे मीठ. जादा सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. दिवसा ते पायांत साठते, आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. जपानच्या नागासाकी विद्यापीठातील तोमोहिरो मात्सुओ यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात २२३ रुग्णांचे रोजचे मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आले, तेव्हा रात्रीचे उठणे सरासरी २.३ वरून १.४ वेळांवर उतरले. मीठ वाढलेल्या ९८ जणांत ते २.७ झाले. आपल्याकडे लोणचे, पापड, फरसाण यांतून मीठ नकळत पोटात जाते. संध्याकाळनंतरचा चहा, कॉफी व मद्यही लघवी वाढवतात. रात्रीचे ताक आणि कलिंगड हेही शेवटी पाणीच. दिवसभराचे पाणी मात्र तोडू नये. झोपेआधीचे दोन-तीन तास आवरले तरी पुरते. मधुमेहातही हेच लक्षण दिसते, म्हणून नुसत्या पथ्यावर विसंबण्याआधी रक्तातील साखर तपासून घ्यावी.